मानशीवर

केबल नुसती चार्जिंगची होती,
हे कळायला मला दीड तास लागला.
दुर्भाटचा बांध, मांडीवर लॅपटॉप,
आणि स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून
माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा आवेलिन,
मानस राखणारा,
एक पाय चिखलात.

बोर्डावरचा तांबडा दिवा लागत होता,
लॅपटॉप मात्र म्हणत होता, इथं कुणी नाही.
मी त्याला समजावलं:
चांगल्या केबलीत चार तारा असतात,
दोन अन्नाच्या, दोन शब्दांच्या.
स्वस्तातलीत शब्दांच्या घालतच नाहीत.
जेवण पोचतं, बोलणं पोचत नाही.

आवेलिनने छत्री या हातातून त्या हातात घेतली.
"म्हजो पूत तारवार आसा," म्हणाला.
"पयशे येतात म्हयन्याक. उलोवप ना."

दुसरी केबल तावेर्नातून आणली,
गल्ल्यामागे कुणाची तरी विसरलेली,
फेणीचा वास मारणारी.
तीन, चाळीस, शंभर टक्के.
निळा ठिपका पेटला, विझला, पेटला.
"हें कितें करता?"
काही नाही. आहे म्हणून सांगतंय.

मग खरं काम.
स्टीलचे दोन चमचे, त्याच्याच घरातले,
मिठागरातल्या बगळ्यांसारखे पाण्यात उभे केले.
गोड्या पाण्यातून वीज कष्टाने जाते,
खाऱ्यातून सरसर.
झडपेच्या फटीतून झुआरी आत शिरली
की चमच्यांना आधी कळेल, भाताला नंतर.
प्रोग्रॅमचे भाग दोनच:
एक जन्मात एकदा करायचा,
दुसरा पुन्हा पुन्हा, थांबेपर्यंत.
हे त्याला सांगावं लागलं नाही.
दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती,
चाळीस वर्षं तो दुसऱ्या भागातच राहतोय.

दिवा लागला की मला दिसेल, म्हणाला,
पण एक मेसेजही जाऊ दे.
कुणाला, ते विचारलं नाही.
त्याने शर्टाच्या खिशातून कागद काढला,
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला,
घामाने अर्धे आकडे पुसट.

पुढच्या रविवारी सिमकार्डाचं यंत्र जोडलं
आणि बोर्ड मरायला लागला.
नुसता जगत होता तोवर ठीक,
बोलायला तोंड उघडलं की वीज खाली बसायची,
सगळं विसरून पुन्हा पहिल्या ओळीपासून.
चार वेळा. पाच वेळा.
जगण्यापेक्षा बोलायला जास्त करंट लागतो,
हे डेटाशीटमध्ये होतं, पान अकरा.
मी वाचलं नव्हतं.

मग बोलण्यासाठी बॅटरी वेगळी दिली,
तर पडद्यावर नुसते चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं.
दोन घरं, दोन चुली,
आणि एकाचा शून्य दुसऱ्याला ठाऊक नाही.
विळखाभर काळी तार घेतली,
दोन्हींची ऋण टोकं बांधली.
याला आम्ही ग्राउंड म्हणतो, मी म्हटलं.
"जमीन," तो म्हणाला.
हो. ती सामाईक लागते, नाहीतर शब्दाला अर्थ उरत नाही.
त्याने खाजनाकडे पाहिलं,
सतरा जणांचे वाफे, बांध एकच.
"हें सगळ्यांक खबर आसा," म्हणाला,
आणि मला मूर्खात काढल्यासारखा हसला.

मजकूर काय घालू?
पाणी मानशीच्या तिसऱ्या फळीपर्यंत चढलं
तोवर तो विचार करत होता.
मग सांगितलं, एकेक शब्द, मी टाइप केला:
उदक भरलें. मानस धांपली.
बस्स?
"बस्स."

चमच्यांवर मीठ कालवलेला तांब्या ओतला, चाचणी म्हणून.
बॅटरी टिकली. बोर्ड मेला नाही.
जहाज तेव्हा कुठल्या समुद्रात होतं, देव जाणे.
दोन सेकंदांनी पडद्यावर
दोन इंग्रजी अक्षरं उमटली.
चष्मा नव्हता, तरी त्याने माझ्याआधी वाचली.
"पळय," म्हणाला, "ओके म्हणटा."

ते उत्तर सिमकार्डाच्या यंत्राचं असतं,
प्रत्येक हुकुमाला देतं तसं.
मी छत्री मिटली,
चमचे पुसून पुन्हा खोल रोवले,
आणि काळ्या तारेची गाठ
आणखी एकदा ओढून पाहिली.